चोचीतला तुकडा आणि वारीची पिशवी



आजचा पाठ : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ९, श्लोक १ आणि २. सोबत एकनाथी भागवताचा नववा अध्याय.

गेले काही दिवस आपण अवधूताचे चोवीस गुरू एकेक करून वाचतोय. यदुराजाने विचारलं, तू इतका निश्चिंत कसा? त्यावर अवधूताने पृथ्वीपासून सुरुवात करून आपल्या गुरूंची यादीच सांगितली. काल आठवा अध्याय पिंगळेपाशी संपला. नववा सुरू होतो तो कुरर पक्ष्यापासून. आपल्याकडच्या याद्यांमध्ये या गुरूचं नाव बऱ्याचदा 'टिटवी' असं दिलेलं असतं. पण टिटवी काही मांसाचा तुकडा चोचीत धरून उडत नाही. तेव्हा घारीसारखा एखादा शिकारी पक्षी डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे गोष्ट नीट कळते.

गोष्ट अगदी छोटी आहे. कुररच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. ज्यांच्याकडे तुकडा नव्हता असे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकून दिला आणि तो सुखी झाला. बस्स, एवढंच. सिद्धांत त्याच्या आधीच्या श्लोकात येतो : माणसाला जे जे अतिशय आवडतं त्याचा परिग्रह, म्हणजे साठवण, हीच दुःखाची सुरुवात आहे, आणि हे ओळखून जो अकिंचन होतो त्याच्या सुखाला अंत नाही.

हा पाठ नेमका वारीच्या दिवसांत आला हे बरं झालं. ज्येष्ठ लागला की आमच्या सोलापुरात वारीच्या गप्पा सुरू होतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालत, सातशे किलोमीटरच्या वर अंतर कापत येते. ती तुळजापूरहून उळ्यामार्गे सोलापुरात शिरते आणि पुढे तिऱ्हे, कामती, मंगळवेढा करत पंढरीला जाते. इथले कितीतरी लोक याच वाटेने दिंडीबरोबर चालत निघतात. काहीजण आळंदीला किंवा देहूला जाऊन तिथून पायी येतात. ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गेल्या आठवड्यात तीन जणांनी मला विचारलं, "दादा, पहिलीच वारी आहे, सोबत काय काय घेऊ?" मी आळंदीहून दोनदा चाललोय, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. यादी खाली देतोच, पण आधी तो पक्षी.

श्लोक सावकाश वाचला तर काही गोष्टी लक्षात येतात. एक, हल्ला करणारे पक्षी दुष्ट होते असं भागवत म्हणत नाही, त्यांच्याकडे मांस नव्हतं एवढंच म्हणतं. त्यांचं कुररशी वैर नव्हतं, सगळं लक्ष त्या तुकड्यावर होतं. वारीत ज्याच्या गळ्यात सोन्याची चेन असते तो रात्रभर कूस बदलत राहतो आणि शेजारचा माणूस घोरत असतो, तो हाच प्रकार. आमच्या दिंडीतल्या जुन्या बायका मंगळसूत्र घरी ठेवतात, गळ्यात नुसती काळ्या मण्यांची पोत घालतात आणि चार वाजेपर्यंत गाढ झोपतात. दोन, कुररने उडणं सोडलं नाही. जेवण कायमचं सोडलं असंही कुठे लिहिलेलं नाही. त्या क्षणी जे चोचीत होतं तेवढं त्याने टाकलं. आणि तीन, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : त्याने तुकडा टाकला, दुसऱ्या कुणाच्या पाठीवर ठेवला नाही.

आता पिशवीकडे येऊ.

ज्यांनी वारी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोठ्या दिंडीत प्रत्येकाची दोन ओझी असतात. एक खांद्यावरची शबनम किंवा झोळी, जी दिवसभर आपल्याबरोबर चालते. दुसरी मोठी पिशवी, वळकटी किंवा पत्र्याची पेटी, जी दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते. आणि या ट्रकपाशीच गडबड होते. सामान आपल्या खांद्यावर नाही म्हटलं की माणूस सढळ हाताने भरतो. तीन पँट, चार शर्ट, दोन टॉवेल, जाड पांघरूण, फुगवायची उशी, दोन चार्जर, शेंगाचटणीची बरणी, शेवेची पुडी, शिवाय "असू दे, लागलं तर" म्हणून घरच्यांनी कोंबलेलं बरंच काही.

"लागलं तर" हे दोन शब्द तुम्हीही भरताना ऐकले असतील. माझ्या धंद्यात तर याची पूजाच चालते. सर्व्हर एक चालत नाही, दोन लागतात. विदा दोन ठिकाणी साठवावी लागते. जी गोष्ट एकदा बंद पडली की सगळंच बंद पडेल अशी एकही जागा ठेवायची नाही, असं पहिल्या नोकरीत पहिल्याच महिन्यात शिकवतात. तिथे ते योग्यच आहे. पण तीच बुद्धी पिशवी भरायला बसली की प्रत्येक वस्तूमागे एक भीती उभी राहते. पाऊस आला तर, ताप आला तर, चप्पल तुटली तर, जेवण आवडलं नाही तर. पिशवी उलटी करून एकेक वस्तू बाहेर काढा आणि प्रत्येकीला विचारा, तू कुठल्या भीतीची आहेस? निम्म्या वस्तू उत्तर देतील. उरलेल्या निम्म्या खरोखर उपयोगाच्या असतात.

आता इंजिनिअर आहे म्हणून थोडं गणित करतो, माफ करा. दोनशे माणसांची दिंडी धरा. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पंधरा वेळा मुक्काम हलला असं धरा. प्रत्येक पिशवी पहाटे ट्रकवर चढते आणि दुपारी-संध्याकाळी उतरते, म्हणजे तीस वेळा कुणीतरी ती उचलतं. प्रत्येकाने पिशवीत फक्त तीन किलो जास्तीचं भरलं तर एका वेळेला सहाशे किलो झालं, आणि तीस वेळांचं अठरा हजार किलो, म्हणजे अठरा टन. हे अठरा टन उचलतं कोण? ट्रकवरची दोन-तीन पोरं. पहाटे साडेतीनला, बऱ्याचदा पावसात, चिखलात. आपण तेव्हा काकड्याला उभे असतो आणि आपल्याला वाटत असतं, खांदा किती हलका आहे!

म्हणून अपरिग्रहाचा विचार करताना मला वजनापेक्षा त्या वजनाचा पत्ता महत्त्वाचा वाटतो. माझ्या खांद्यावरून ते गेलं, ठीक. पण गेलं कुठे? गीतेत सहाव्या अध्यायात योग्याला 'अपरिग्रह' म्हटलंय, चौथ्या अध्यायात सगळा परिग्रह टाकलेल्या माणसाचं वर्णन आहे. तिथे टाकणं आहे, ढकलणं नाही. आपण टाकलं असं म्हणत बऱ्याच वेळा ढकलतो. घरातही बघा. "मला काही लागत नाही, मी साधा माणूस" असं म्हणणाऱ्या साध्या माणसाचा सकाळचा डबा, धुतलेला सदरा आणि वेळेवरचा चहा यांचं ओझं कुणाच्या तरी खांद्यावर असतंच.

आता याची दुसरी बाजू, कारण ती आमच्याच घरात निघाली.

आमचे अण्णा सदुसष्टचे आहेत. सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात त्यांचा जन्म गेला. यंदा त्यांना इथून पंढरीपर्यंत दिंडीबरोबर चालायचंय. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, चार दिवस. त्यांना साखर आहे, इन्सुलिन चालू आहे. आईने त्यांच्या पिशवीत पहिल्यांदा काय घातलं असेल तर सोलापुरी चादर. आमच्या गावची चादर, भौगोलिक मानांकन मिळालेली, प्रत्येक घराचा अभिमान. अण्णांनी ती उचलून बाहेर ठेवली. "ही थंडीची चादर आहे. आषाढात एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. मी विणलीय, मला माहीत आहे." जन्मभर जे हातांनी केलं त्याचा मोह त्यांनी एका वाक्यात सोडला. मी मनातल्या मनात हात जोडले.

पण पुढे त्यांनी औषधांची डबीही बाहेर काढली. बूटही. अनवाणी चालणार म्हणाले. "कशाला रे हे सगळं? योगक्षेम तो वाहतो म्हणून तूच लिहितोस ना तिकडे?"

बरोबर बोलले. गीतेचा नववा अध्याय, बाविसावा श्लोक. त्यावर मी इथे दोनदा लिहिलंय. आणि काल-परवाच वाचलेली मधमाशी त्यांच्याच बाजूने होती : आठव्या अध्यायात अवधूत म्हणतो की भिक्षूने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी साठवू नये, हात हेच त्याचं ताट, पोट हेच त्याचं भांडं. साठवणारी माशी साठ्यासकट मरते.

पण हे भिक्षूसाठी आहे, आणि अण्णा भिक्षू नाहीत. एकादश स्कंधावर टीका लिहिणारे नाथ महाराजही भिक्षू नव्हते. पैठणचा संसारी माणूस, दाराशी पाहुणे, घरात बायको-मुलं. त्यांनी 31 अध्यायांची ही टीका 1573 साली काशीत पूर्ण केली. म्हणजे संन्याशाला सांगितलेलं त्यांनी प्रपंचात राहून वाचलं, प्रपंचातल्या माणसांना मराठीत समजावलं. आपल्यालाही ते तसंच वाचावं लागेल. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'शरीरयात्रा' असा सुंदर शब्द आहे. शरीर चालवणं हीसुद्धा एक यात्राच आहे, आणि कर्म केल्यावाचून ती होत नाही असं भगवंतच सांगतात.

मी अण्णांना एवढंच विचारलं, "अण्णा, कामतीच्या रस्त्यावर तुम्हाला चक्कर आली तर तुम्हाला कोण उचलेल?"

ते गप्प बसले. दिंडीतले चार लोक उचलतील हे त्यांनाही ठाऊक होतं. आपली माणसं आहेत, सोडून जाणार नाहीत. त्यांचा त्या दिवशीचा हरिपाठ राहील, एकजण रिक्षा शोधत पळेल, विणेकरी थांबेल, दिंडी रखडेल. दीडशे ग्रॅमची डबी घरी ठेवली म्हणून साठ किलोचा माणूस चौघांच्या खांद्यावर. ओझं कमी झालं का?

डबी पिशवीत परत गेली. बूट पायात येणार, यावर अजून वाटाघाटी चालू आहेत. साखर असलेल्या माणसाला तळपायाला काटा रुतलेला कळतच नाही बऱ्याच वेळा, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पंढरपुरात महाद्वारापाशी चप्पल काढा, नामदेव पायरीला डोकं टेकवा. तिऱ्ह्याच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी चालायचा आग्रह पांडुरंगाने धरलेला माझ्या तरी वाचनात नाही.

तर आता माझी कसोटी सांगतो, यादीपेक्षा तीच कामाची आहे. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं : ही नसली तर त्रास कुणाला होईल? मलाच होणार असेल, थोडं गैरसोयीचं, थोडं अंग दुखेल, चव लागणार नाही, तर ती घरी. दुसऱ्याला होणार असेल तर ती सोबत. उशी घरी. औषध सोबत. चौथा शर्ट घरी. स्वतःचं ताट-तांब्या सोबत, नाहीतर वाढणाऱ्या मुलाला तुमच्यासाठी पत्रावळ शोधत फिरावं लागतं. अंगठ्या घरी. नाव, घरचा फोन नंबर, रक्तगट आणि आजार लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात, कारण हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला शोधण्यात अख्खी दिंडी हैराण होते.

विचारलंय म्हणून बाकीचं थोडक्यात. अंगावर एक आणि पिशवीत एक असे दोन जोड पुरतात, लवकर वाळणारे. टॉवेलऐवजी पंचा. घोंगडीऐवजी पातळ पांघरूण आणि जाड प्लॅस्टिकचा कागद, जो पावसात डोक्यावर आणि रात्री अंगाखाली कामाला येतो. चप्पल किंवा बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. नव्या बुटांनी सासवडच्या आधीच, दिवे घाटातच पाय फोडलेले मी पाहिलेत. मांड्या घासतात, त्यासाठी व्हॅसलिनची छोटी डबी. मीठ-साखरेची पाकिटं. खायला काही न्यायचंच असेल तर आपली कडक भाकरी, आठवडेच्या आठवडे टिकते आणि वजनाला काही नसते. ट्रकमधली पिशवी अशी हवी की ती तुम्ही एका हाताने, न वाकता, ट्रकच्या फाळक्यापर्यंत उचलून देऊ शकाल. खांद्यावरच्या झोळीत पाणी, कागद, औषध, हरिपाठाची छोटी पोथी, बस्स. इन्सुलिन ट्रकमध्ये कधीच टाकू नका, पत्र्याखाली ते तापून बिघडतं. अंगाजवळच्या झोळीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आणि एकादशीच्या उपवासाचं डॉक्टरांना आधी विचारा. खिशात गुळाचा खडा असू द्या.

आणि सुई-दोरा, नखं कापायचं, बॅटरी, दुखऱ्या पायांचं तेल, हे प्रत्येकाने आणायचं नसतं. निघायच्या आधी पाच-सहा जणांनी बसून वाटून घ्यायचं. एक जण तेल आणेल, एक जण सुई-दोरा. वर ज्या "लागलं तर"ची मी चेष्टा केली, त्याचं खरं उत्तर हे आहे. लागलं तर शेजारच्या माऊलीकडे आहे. मात्र शेजाऱ्याला लागेल ते माझ्याकडे हवं. नुसतं मागायला जाणारा माणूस दोन मुक्कामांनंतर सगळ्यांना ओळखू येतो.

एक शंका कुणीतरी विचारेलच म्हणून आधीच घेतो. इतकं हलकं व्हायचं, तर विणेकऱ्याचं काय? त्याच्या गळ्यात दिवसभर वीणा असते. ती बाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन अडीचशे किलोमीटर चालते. पखवाजवाला पखवाज गळ्यात अडकवून चालतो. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीला बाराबंदी घातलेले मानकरी उंचच उंच सात नंदीध्वज पेलत अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात, त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव करतात. तिथे कुणी म्हणत नाही की काठी जरा हलकी करा.

मला वाटतं, खांदा रिकामा करायचा तो यासाठीच. वेळापूरच्या आधी उतारावर धावा होतो, हजारो वारकरी एकदम पळत सुटतात. खांद्यावर आठ किलोची पिशवी असलेला माणूस तिथे कडेला उभा राहून बघतो. चालता चालता कुणी तुमच्या हातात टाळ देतं, कुणी म्हातारी "धर रे बाळा जरा" म्हणून स्वतःचं बोचकं देते. तेव्हा हात मोकळा असावा लागतो.

नाथ महाराजांची गाढवाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेले, केवढा प्रवास, केवढं ते पुण्याचं पाणी, आणि वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं तेव्हा कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. कीर्तनकार ही कथा भूतदयेसाठी सांगतात. आज कुरर वाचल्यावर मला ती जरा वेगळी दिसली. नाथांना सगळ्यात प्रिय असलेला तुकडा तोच होता. आणि तो त्यांनी खाली टाकला नाही, नेमका जिथे लागत होता तिथे ओतला. पुढे त्याच नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन राहिला आणि बारा वर्षं कावडीने पाणी भरत होता असं परंपरा सांगते. पैठणला तो रांजण आहे, नाथषष्ठीला तो भरतात. अण्णांनी काढलेला तो गीतेचा श्लोक पुन्हा उघडून बघा : भगवंत तिथे योगक्षेम 'देतो' म्हणत नाहीत, 'वाहतो' म्हणतात. वाहणं हे हमालाचं क्रियापद आहे.

आजचा अभ्यास : वारीला जाणार असाल तर पिशवी आज भरा, उद्या सकाळी ती घेऊन तीन किलोमीटर चाला, आणि घरी आल्यावर पुन्हा उघडा. जाणार नसाल तर घरातलं एक कपाट घ्या आणि हीच कसोटी लावा. काय निघालं ते कळवा.

उद्या पुढचा गुरू, बालक.

राम कृष्ण हरी.